बंद बॉक्स, जुनी कार्डं आणि बडोद्याची हवा: न उघडलेल्या स्पोर्ट्‌स कार्डांचं परीक्षण

अमेरिकेत १९८०-९०च्या दशकात निघालेल्या, खेळाडूंची छायाचित्रं छापलेल्या आणि बंद पाकिटांतून (पॅक) विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्‌स कार्डांचे न उघडलेले बॉक्स गुंतवणूक म्हणून घ्यावेत का, ही चौकशी आता बडोद्यातही व्हायला लागली आहे. हे परीक्षण त्याच दृष्टीनं केलं आहे. ३६ पॅकचा बॉक्स तिकडून मागवायचा, कस्टममधून सोडवायचा, दांडिया बाजार किंवा कारेलीबागेतल्या घरात दहाएक वर्षं सांभाळायचा आणि मग विकायचा. या सगळ्या प्रवासात कोणता बॉक्स टिकतो आणि कोणता नाही, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. अपर डेक, टॉप्स आणि फ्लिअर या कार्डं काढणाऱ्या कंपन्या. १९८९चा अपर डेक बेसबॉल बॉक्स माल म्हणून चांगला आहे. १९८७चा टॉप्स हौसेपुरता ठीक. १९८६चा फ्लिअर बास्केटबॉल या तिघांत सगळ्यात दर्जेदार, पण सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा. १९९१चा टॉप्स स्टेडियम क्लब बडोद्यात आणूच नये. आणि यांतला कुठलाही बॉक्स तपासणी झाल्याशिवाय घेऊ नये, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

बंद बॉक्सला उघड्या कार्डांपेक्षा जास्त भाव मिळतो, त्याचं कारण साधं आहे. कुणी ना कुणी बॉक्स उघडतच असतं आणि उघडलेला बॉक्स पुन्हा बंद होत नाही, त्यामुळे साठा घटत जातो. शिवाय आत एखादं कोरं करकरीत रूकी कार्ड (खेळाडूचं पदार्पणाच्या काळातलं कार्ड) असेल ही आशा प्रत्येक बंद पॅकमध्ये कायम असते. पण आतलं काहीच दिसत नसल्यामुळे घेणारा खरा पैसा मोजतो तो ‘हे कुणी उघडलेलं नाही’ या खात्रीसाठी. खात्री ढळली की उरतो तो रद्दीच्या भावाचा पुठ्ठा. म्हणून या धंद्यात बेसबॉलच्या ज्ञानापेक्षा कागद, मेण, डिंक आणि चिकटपट्टी ओळखणं जास्त कामाला येतं.

पॅकचे प्रकार थोडक्यात. मेणकागदाचा वॅक्स पॅक हा जुना आणि सर्वांत ओळखीचा. त्याच्या मागच्या घड्या उष्णतेनं चिकटवलेल्या असतात. सेलो पॅक पारदर्शक असतो, त्यामुळे वरचं आणि खालचं कार्ड दिसतं आणि त्या दिसणाऱ्या कार्डावरच पॅकचा भाव ठरतो. तीन खणांचा लोंबता पॅक म्हणजे रॅक पॅक. आणि १९८९ पासून रूढ झालेला चंदेरी फॉइल पॅक, ज्याच्या दोन्ही टोकांना दातेरी दाब दिलेला असतो. बनावटगिरी चारही प्रकारांत होते, पण वॅक्समध्ये सगळ्यात जास्त, कारण मेण पुन्हा वितळतं.

१९८९ अपर डेक

अपर डेकनं १९८९ साली पहिल्याच फटक्यात बाजाराची रीत बदलली. जाड पांढरा पुठ्ठा, मागच्या बाजूला होलोग्राम आणि सहज छेडता न येणारा फॉइल पॅक. बाकी कंपन्यांचे पॅक पन्नास सेंटच्या आसपास मिळत असताना याची किंमत जवळपास एक डॉलर होती. एका पॅकमध्ये १५ कार्डं, बॉक्समध्ये ३६ पॅक, म्हणजे ५४० कार्डं. संच एकूण ८०० कार्डांचा. त्यातली पहिली ७०० आधी आली आणि ७०१ ते ८०० हे ‘हाय नंबर’ नंतर. बॉक्स घेताना तो कुठल्या मालिकेचा आहे हे नीट पाहावं, कारण ज्या कार्डासाठी सगळी धडपड चालते, ते केन ग्रिफी ज्युनिअरचं रूकी कार्ड, संचातलं क्रमांक १ आहे.

ग्रिफीचं नाव टिकलं हे या बॉक्सचं मोठं बळ. ६३० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका), आणि २०१६ साली ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, निवड. त्याच काळातल्या बॅरी बाँड्‌स आणि मार्क मॅग्वायर यांच्या कार्डांवर उत्तेजक औषधांच्या वादाची छाया पडली, तशी ग्रिफीवर पडली नाही. बडोद्यातल्या माणसाला बेसबॉल कळलं नाही तरी चालेल, पण ज्याच्या नावावर बॉक्स तरतो त्या खेळाडूची पत काय आहे, एवढं तरी माहीत हवं.

आता हिशेब. मालिकेत ७०० कार्डं आणि बॉक्समध्ये ५४०, म्हणजे सरासरी काढली तर दर चार बॉक्समागे तीन ग्रिफी. एखाद्या बॉक्समध्ये दोन निघतील, एखाद्यात एकही नाही. निघालेलं कार्डही निर्दोष असेलच असं नाही. हे कार्ड छपाईच्या मोठ्या शीटवर अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं, त्यामुळे कापताना आणि हाताळताना त्याचे कोपरे सगळ्यात आधी दबत. ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञ कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला, सर्वाधिक पाठवल्या गेलेल्या कार्डांपैकी हे एक आहे. तेव्हा मधल्या दर्जाचं ग्रिफी दुर्मीळ नाही, दुर्मीळ आहे ते वरच्या दर्जाचं. तात्पर्य, हा बॉक्स उघडून पैसे सुटत नाहीत. घ्यायचा तर बंदच ठेवायला घ्यावा.

परताव्याचंही गणित मांडून पाहू. १९८९ मध्ये बॉक्स साधारण ३६ डॉलरला पडला आणि आज २०० ला विकला असं धरलं, तर ३५ वर्षांत वर्षाला जेमतेम ५ टक्के सुटले. महागाई वजा केली तर दोन टक्क्यांच्या आसपास. रुपयात मात्र चित्र बरं दिसतं. तेव्हा डॉलर १६ रुपयांच्या आसपास होता. आज ८५ धरला, तर परतावा वर्षाला सुमारे १० टक्क्यांवर जातो. म्हणजे निम्मी कमाई कार्डांनी केली आणि निम्मी रुपयाच्या घसरणीनं. त्या काळी आपल्याकडे बँकेच्या मुदत ठेवीवरही एवढं व्याज मिळत होतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. तरीही त्या काळातल्या, सहज मिळणाऱ्या बॉक्सांमध्ये आमची पसंती यालाच आहे. भाव तीन आकडी डॉलरमध्ये, मागणी कायम, आणि फॉइलमुळे छेडछाड ओळखणं मेणकागदापेक्षा सोपं.

बाकीचे तीन

१९८७ टॉप्स म्हणजे लाकडी पट्ट्यांसारख्या कडा असलेली ७९२ कार्डं. एका पॅकमध्ये १७ कार्डं आणि च्युइंगगमची एक कांडी. छपाई इतकी प्रचंड झाली होती की इतक्या वर्षांनंतरही बॉक्स शंभर डॉलरच्या आत मिळतो. १९८० च्या उत्तरार्धापासून १९९० च्या पहिल्या काही वर्षांपर्यंतचा काळ संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणूनच ओळखतात. त्या वेळी लोकांनी हीच गुंतवणूक समजून केसच्या केस (अनेक बॉक्स भरलेली कारखान्याची मोठी खोकी) माळ्यावर रचून ठेवल्या आणि सगळ्यांनीच ठेवल्यामुळे कुणाचंच मोल वाढलं नाही. आठवणीखातर एखादा बॉक्स घ्यायला हरकत नाही. पण अमेरिकेतून बडोद्यापर्यंतचं भाडंच मालाच्या किमतीइतकं होतं.

१९८६-८७चा फ्लिअर बास्केटबॉल ही वेगळीच गोष्ट. १३२ कार्डांचा छोटा संच, ११ स्टिकर, एका पॅकमध्ये १२ कार्डं आणि एक स्टिकर. क्रमांक ५७ म्हणजे मायकल जॉर्डन. टॉप्सनं १९८१-८२ नंतर बास्केटबॉलची कार्डं काढणं थांबवलं होतं, त्यामुळे जॉर्डन खेळायला लागल्यावरही सर्वदूर दुकानांत मिळणारं त्याचं कार्ड आलं ते याच संचात. निघाला तेव्हा माल फारसा खपला नाही आणि म्हणूनच आज मिळत नाही. एका बॉक्सला लाखाहून अधिक डॉलर मोजले गेले आहेत. सुट्या पॅकचा भावही एका चांगल्या दुचाकीच्या वर जातो. बनावट जॉर्डन कार्डं आणि पुन्हा चिकटवलेले पॅक याच संचात सगळ्यात जास्त सापडतात. पॅक घ्यायचाच असेल तर ग्रेडिंग कंपनीनं तपासून प्लॅस्टिकच्या कवचात बंद केलेलाच घ्यावा. सुटा, कवचाबाहेरचा पॅक स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईचं कारण बहुधा पॅकच्या आतच असतं.

१९९१ स्टेडियम क्लब दिसायला देखणा. कोडॅकची छायाचित्रं, सोनेरी ठसा, दोन्ही बाजूंना चकचकीत लेप. तो लेपच बडोद्यात घात करतो. उष्णता, दमट हवा आणि वरचा दाब हे तिन्ही एकत्र आले की चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटून विटेसारखा ठोकळा होतो. सोडवायला गेलं की चेहऱ्यावरचे पापुद्रे निघतात. पॅक न उघडता हे तपासता येतं. पॅक कानाजवळ धरून हलकेच हलवा. कार्डं मोकळी असतील तर सळसळ ऐकू येते आणि बोटांना ती एकमेकांवरून सरकताना कळतात. ठोकळा झाला असेल तर एकच घन वस्तू हलल्यासारखं वाटतं. श्रिंकरॅप केलेल्या (घट्ट पारदर्शक फिल्म चढवलेल्या) बॉक्समध्ये मात्र हे तपासता येत नाही, म्हणून चकचकीत लेपाचा माल आपल्या हवेत नकोच.

आपल्याकडचं काय, असं विचारणारे भेटतात. पठाण बंधूंच्या गावात क्रिकेटचे बंद पॅक जपावेत असं वाटणं साहजिक आहे. आयपीएलच्या खेळाडूंची क्रिकेट अटॅक्सची पाकिटं घरोघरी आली होती. पण ती तपासून खात्री देणारी यंत्रणा इथे उभी राहिलेली नाही आणि ती नसेल तर बंद पाकिटाला उघड्यापेक्षा जास्त भाव कोण देणार?

तपासणी आणि श्रिंकरॅप

बंद बॉक्सांच्या तपासणीत सगळ्यात जास्त मानलं जाणारं नाव म्हणजे इंडियाना राज्यातली बेसबॉल कार्ड एक्स्चेंज. संग्राहक तिला बीबीसीई म्हणतात. काम असं चालतं. बॉक्स उघडून आतला एकेक पॅक पाहिला जातो. घड्या, मेणाची रेघ, रंगाचा उतार, पॅक बसण्याची पद्धत तपासली जाते. सगळं ठीक असेल तर बॉक्स पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळून त्यावर कंपनीची खूण लावली जाते. न उघडलेल्या केसमधून त्यांनी स्वतः काढलेल्या बॉक्सवर तसा वेगळा उल्लेख असतो. असा बॉक्स थोडा महाग मिळतो, पण तो जास्तीचा पैसा आम्ही डोळे मिटून देऊ. विकताना तो परत मिळतो.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. १९८०च्या दशकातले टॉप्सचे वॅक्स बॉक्स कारखान्यातून श्रिंकरॅप होऊन निघतच नसत. झाकण नुसतं दुमडलेलं असे. त्यामुळे ‘कंपनीचं मूळ श्रिंकरॅप’ असं सांगून १९८७चा बॉक्स कुणी विकत असेल, तर तो एक तर अजाण आहे किंवा लबाड. वरचं प्लॅस्टिक दिसलं तर ते कुणाचं, हा पहिला प्रश्न.

बॉक्सची तपासणी आणि न उघडलेल्या केसची तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जानेवारी २०२२ मध्ये लोगन पॉल या यूट्यूबरनं ३५ लाख डॉलरला घेतलेली पोकेमॉन कार्डांची सहा बॉक्सची केस उघडली आणि आत जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डं निघाली. केस बीबीसीईनं बाहेरून पाहून खरी ठरवली होती. बाहेरचा पुठ्ठा आणि चिकटपट्टी पाहून आतल्या मालाची हमी देता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या बाजारानं पाहिलं. दुसऱ्या टोकाला कॅनडातल्या रेजायना शहरातल्या एका घरात सापडलेली १९७९-८०च्या ओ-पी-ची या कॅनेडियन कंपनीच्या हॉकी कार्डांची केस. १६ बॉक्स, प्रत्येकात ४८ पॅक, पॅकमध्ये १४ कार्डं, म्हणजे दहा हजारांहून जास्त कार्डं, आणि त्यांत नामवंत हॉकीपटू वेन ग्रेट्‌स्कीचं रूकी. फेब्रुवारी २०२४ च्या लिलावात ती ३७.२ लाख डॉलरला गेली. केसच्या भावात असे चढउतार झेपणारे लोक वेगळे. आपण एकेक तपासलेल्या बॉक्सपाशी थांबावं.

सेवेत उणिवा आहेत. फिल्म कधी कधी इतकी ताणलेली असते की जुन्या पुठ्ठ्याचे कोपरे आत दबतात. आणि इथून बॉक्स तपासायला पाठवणं परवडत नाही, जाण्या-येण्याचं भाडं आणि कस्टमच मालाला भारी पडतं. तेव्हा तपासलेला बॉक्सच घेणं हा एकच मार्ग उरतो.

तपासलेला असला तरी हातात आल्यावर स्वतः पाहावाच. फिल्मवरची खूण सलग आहे का, फिल्मची जोड एकसारखी वितळलेली आहे का, कुठे टाचणीएवढं भोक तरी नाही ना. सुटा वॅक्स पॅक असेल तर तो पालथा करून खिडकीशी तिरक्या उजेडात धरा. मूळ पॅकवर मेणाची एकच रेघ असते, कारखान्याच्या तापलेल्या पट्टीनं एकदाच उठलेली, कडा थोडी धूसर. इस्त्रीनं पुन्हा चिकटवलेल्यावर दुसरी रेघ पहिलीला थोडी चुकवून पडलेली दिसते, किंवा मेण पसरून त्या जागी कागद तेलकट, जास्त पारदर्शक होतो. घडीची जुनी खूण आणि आत्ताची घडी एका रेषेत आहेत का तेही पाहा. एक केसभर अंतर दिसलं तरी पॅक परत करावा. च्युइंगगम असलेल्या पॅकमध्ये गमची कांडी इतक्या वर्षांत तुटलेली, भुकटी झालेलीच असते. बोटाला अख्खी, गुळगुळीत कांडी लागली तर शंका घ्यावी. फॉइल पॅकच्या टोकांचे दाते नखानं चाचपावेत. उघडून डिंकानं चिकटवलेल्या टोकाला दाते सपाट झालेले असतात आणि त्या फटीत डिंकाची चमक दिसते.

मागवताना

भाडं वजनावर नाही, तर वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्यावर लागतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये काढून ५,००० नं भागलं की आकारमानाचं वजन किलोत मिळतं. कुरियर कंपन्या बहुतेक हेच सूत्र लावतात. कार्डं एक किलोच्या आसपास भरतात, पण बॉक्सभोवती सगळीकडून पाच सेंटिमीटर फोम हवाच, आणि त्यानं आकार वाढतो. फोममध्ये काटकसर करू नका. दबलेला कोपरा म्हणजे थेट भावात घट.

कस्टम ड्यूटी मालाची किंमत, विमा आणि भाडं या तिन्हींच्या बेरजेवर बसते आणि त्यावर आयजीएसटी. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून ऑर्डरच्या आधी कुरियरकडून लेखी आकडा घ्यावा. आम्ही हिशेबासाठी भाडं-कर मिळून मालाच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी धरतो. आधार-पॅनची केवायसी आधीच करून ठेवली तर पार्सल गोदामात अडकत नाही. बिल खऱ्या किमतीचंच असावं. ड्यूटी वाचवायला किंमत कमी दाखवली तर पार्सल हरवल्यावर विमाही तेवढाच मिळतो, आणि पुढे विकताना खरेदीचा पुरावाही तोकडा पडतो. कस्टमला पार्सल उघडून तपासायचा अधिकार आहे, त्यामुळे बाहेरच्या खोक्यात सगळ्यात वर बॉक्सचा फोटो, बिल आणि ‘तपासणी केलेला, श्रिंकरॅप केलेला बॉक्स’ अशी ओळ असलेला कागद ठेवायला सांगावा. अधिकाऱ्याला समजलं की फिल्म फाडायची वेळ सहसा येत नाही.

महिना पाहून मागवावं. पॅराफिन मेण प्रकारानुसार ४६ ते ६८ अंशांना वितळतं. मे महिन्यात बंद टेम्पोच्या हौद्यात किंवा पत्र्याच्या शेडखाली तापमान मेणाला मऊ करण्याइतकं सहज चढतं. मऊ झालेलं मेण शेवटच्या कार्डावर डाग सोडतं आणि घड्या सैल करतं. पावसाळ्यात दमटपणाचा धोका. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. एसी गोदामातून पार्सल आलं तर बाहेरचं खोकं दिवसभर बंदच राहू द्यावं, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

बडोद्यात ठेवणं

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. कार्डांना हवी ४५ ते ५५. लोक डब्यात बुटांच्या खोक्यातली पाच ग्रॅमची सिलिका जेलची पुडी टाकतात आणि निश्चिंत होतात. त्यानं काही होत नाही. ओलावा डब्यातल्या हवेत नगण्य असतो, तो पुठ्ठ्यात मुरलेला असतो. दमट हवेत कागद वजनाच्या साधारण १२-१३ टक्के पाणी धरतो, ५० टक्के आर्द्रतेत ७-८ टक्के. म्हणजे किलोभर कार्डांतून सुमारे ५० ग्रॅम पाणी काढायचं असतं. सिलिका जेल मध्यम आर्द्रतेत स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याएवढं पाणी घेतं असं धरलं, तर एका बॉक्सला २५० ग्रॅम लागेल. केशरी दाण्यांचं जेल घ्यावं, भरलं की ते हिरवं होतं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवलं की पुन्हा केशरी.

पण कोरडेपणाही मर्यादेत हवा. ३५ टक्क्यांच्या खाली गेलं की पुठ्ठा वाकतो आणि गम तडकून कार्डाला ओरखडतो. म्हणून सुरुवातीला जेलनं आर्द्रता ५० वर आणायची आणि मग जेल काढून ४९ टक्क्यांवर हवा धरून ठेवणारी दुतर्फी पाकिटं ठेवायची. ती गरजेप्रमाणे ओलावा घेतातही आणि सोडतातही. डबा रबरी कडेचा, पॉलिप्रॉपिलीनचा. आत आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर. तो आधी मिठानं तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ आणि चार थेंब पाणी, चिखलासारखं, विरघळलेलं नको. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

जागा कुठली? माळा नको, गच्चीचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. तळमजला नको. विश्वामित्रीनं २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काय केलं ते अकोटा, सयाजीगंज, फतेहगंजच्या लोकांना सांगायला नको. वरच्या मजल्यावरचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लोखंडी कपाट, मधला कप्पा. एकावर एक दोनपेक्षा जास्त बॉक्स रचू नयेत. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात अजिबात नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकं मऊ करते आणि वास पुठ्ठ्यात कायमचा बसतो.

बँकेचा लॉकर सुचवणारे बरेच असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. पूर, भूकंपासाठी मात्र नाही. आणि तळघरातला लॉकर पावसाळ्यात घरापेक्षा दमट असू शकतो.

विकताना

गिऱ्हाईक अमेरिकेत आहे, ही या गुंतवणुकीची खरी अडचण. २०० डॉलरचा बॉक्स भाडं-करासह इथे ३०० ला पडतो. विकताना ईबेसारख्या ऑनलाइन बाजारात साधारण १३ टक्के कमिशन, आणि परतीचं भाडं ६० डॉलर धरलं, तर हातात ३०० यायला बॉक्स ४१४ ला जावा लागतो. भाव वर्षाला ७ टक्के वाढला तरी नुसतं मुद्दल सुटायला जवळजवळ ११ वर्षं. त्यात २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करसवलत थांबवली, त्यामुळे परतीच्या पार्सलवर कर निघण्याची शक्यता हिशेबात धरावी लागते. माल मूळचा अमेरिकेतलाच आहे हे दाखवायला पहिलं बिल जपून ठेवलेलं असावं.

म्हणून शुद्ध गुंतवणूक करायची असेल तर आमचा सल्ला वेगळा आहे. बडोद्यातल्या कितीतरी घरांत कुणाचा भाऊ, कुणाची आतेबहीण न्यू जर्सीला आहे. बॉक्स त्यांच्या पत्त्यावर घ्यावा, तिथेच ठेवावा, तिथूनच विकावा. दोन्ही बाजूंचं आंतरराष्ट्रीय भाडं आणि ड्यूटी वाचते आणि २०० चा बॉक्स, तिथला विक्रीकर आणि टपालखर्च सोडला तर, २३० ला विकला तरी मुद्दल सुटतं. फक्त बेसमेंटमध्ये ठेवू नका असं त्यांना बजावून सांगा, तिकडची बेसमेंटंही उन्हाळ्यात दमट होतात. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमचं कपाट, हीटरच्या झडपेपासून लांब, आणि डबा व हायग्रोमीटर इथल्यासारखाच.